नवशिक्यांसाठी : जुनी जिप्सी कशी घ्यावी

घरी सांगताना ‘फक्त बघून येतो’ एवढंच सांगावं. सोबत बॅटरी, मळला तरी चालेल असा शर्ट आणि स्वतःचा जॅक न्यावा. विकणाऱ्याचा जॅक त्या दिवशी नेमका शेजाऱ्याकडे असतो.

मारुती जिप्सी १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये तेराशे सीसीचं इंजिन मिळून ‘किंग’ झाली. तेव्हा तुमच्या वाट्याला येणारी गाडी बहुधा मतदानाच्या वयाची असेल. विकणारा तरीही ‘सिंगल हँड, एक रुपयाचं काम नाही’ म्हणेल. मान डोलवत हात बॉनेटवर ठेवावा. कोमट लागलं तर इंजिन तुमच्या स्वागतासाठी आधीच तापवलेलं आहे; ते गार झाल्यावर पुन्हा यावं. गार इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑईल जळतंय. ‘थंडीत होतं असं’ हे उत्तर मे महिन्यातही मिळतं.

मग गाडीखाली झोपावं. चॅसीला ताजा काळा रंग दिसला तर कौतुक न करता स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघावा. आत गेला, तर तिथे पत्रा संपून रंगच उरलाय. डिफरन्शियलचं तेल बोटावर घ्यावं. दुधाळ निघालं, तर गाडीने नदी ओलांडली आणि थोडी नदी सोबतही आणली.

आता खरी परीक्षा. ‘४×४’चा स्टिकर कुठल्याही काचेवर चिकटतो. सपाट जागी इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी, मागच्या चाकांना दगड लावावेत, छोटा दांडा फोर-व्हीलला टाकावा. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असतील तर ते लॉक करावेत. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावं. किंचित हलून ते अडलं पाहिजे. गरगर फिरलं, तर पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचतच नाही. तुम्ही फक्त दांड्याचे पैसे देताय. विकणारा कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून गोल फेऱ्या मारून दाखवू लागला तर त्याला थांबवावं. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि त्यांची ती ओढाताण गिअरांना सोसावी लागते.

कागद शेवटी, पण आळस नको. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते झालंय का, ते पाहावं. चिखल पुसून चॅसीवर कोरलेला नंबर स्वतः वाचावा. आरसीशी एका आकड्याचाही फरक निघाला, तर चहा न घेता निघावं.