ऐकलंत का, हळदीच्या पैशात कॉन्टेसा येणार म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा अशा इकडं या, कुंपणाजवळ. हळूच सांगते, त्यांची खिडकी उघडीच आहे. हळदवाल्या भाऊंचा धाकटा गाडी घ्यायलाय! आता गाडी म्हटलं की तुम्हाला वाटणार नवी, उंच, वरून काच उघडणारी... छे हो! कॉन्टेसा! तीच ती, लांब नाकाची, चार गोल दिव्यांची. पूर्वी पुढारी उतरायचे बघा तिच्यातून. आणि सिनेमातल्या व्हिलनला तर तिच्याशिवाय शोभाच नव्हती.

मी आधी खोटंच म्हटलं. पण भाऊंच्या घरच्या काकी स्वतः सांगत होत्या, दळण घेऊन जाताना. चेहरा हा एवढासा! कळमनुरीकडचे ते रिटायर्ड डॉक्टर नाहीत का... नाव कशाला घ्यायचं, कळलं तुम्हाला. त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती म्हणे. मुलं पुण्यात, चालवणार कोण? धाकटा गेला होता दुसऱ्याच कामाला, ताडपत्रीचं टोक उचललं आणि घरी आला तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आत म्हणतो, "ऑल-ओरिजिनल आहे!" रंग कंपनीचा, सीटचं कापड कंपनीचं, चाकांवरच्या वाट्यासुद्धा कंपनीच्या. भाऊंचा घास हातातच राहिला. म्हणाले, "ओरिजिनल म्हंजे? आजवर कुणी दुरुस्तच केली नाही का काय?" थोरली सून फिसकन हसली. काकींनी असे डोळे वटारले तिच्याकडं...

भाऊंच्या मनात ट्रॅक्टरची ट्रॉली होती ना यंदा. हिंगोलीच्या मार्केटात हळद घातली तेव्हापासून ट्रॉली, ट्रॉली चाललं होतं. आणि डॉक्टर मागतात तेवढ्यात ट्रॉली येऊन वर चार पैसे उरतात. आता बोला!

धाकटा म्हणतो कसा, "बाबा, ही भारताची मसल कार आहे." मसल कार म्हणजे काय, ते मला थोरल्या सुनेनं सांगितलं, तिला सगळं ठाऊक असतं. अमेरिकेत साठच्या दशकात निघाल्या त्या. मोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं आणि सुसाट सोडायची. आपली कॉन्टेसा नुसती दिसायला तशी. आतमध्ये सिलिंडर चारच. मूळचा सांगाडा तर इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा. तिकडं ते मॉडेल बंद झालं आणि आपल्या हिंदुस्तान मोटर्सनं साचे आणले बंगालात, उत्तरपाड्याला, अॅम्बॅसेडर व्हायची तिथंच. 1984 साली गाडी बाजारात आली. पण इंजिन कुठलं घातलं? अॅम्बॅसेडरचंच, 1489 सीसीचं! एवढं मोठं धूड आणि एवढासा जीव. घाटात धापा टाकायची म्हणतात. मग पुढं जपानच्या इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आलं, पाच गिअर आले, तेव्हा कुठं तिची चाल सुधारली. 2002 मध्ये कारखान्यानं बनवणंच बंद केलं. धाकटा म्हणतो, बघायची ती इसुझूचीच. तेवढं मात्र बरोबर बोलतो हो पोरगा.

तर काय सांगत होते... हां, गाडी बघायला गेले ते!

रविवारी सगळी वरात गेली कळमनुरीला. भाऊ "मी येत नाही" म्हणत सगळ्यात आधी जीपमध्ये बसलेले. आजीसुद्धा गेल्या, त्यांना घरी ठेवायची कुणाची छाती आहे? नांदेडहून एक म्हातारे मिस्त्री चाचा बोलावलेले. दलालही होताच, नको तिथं उगवतोच तो. दलाल म्हणतो, "एकदम शोरूम पीस." चाचांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खिशातून लोहचुंबक काढलं आणि दाराच्या खालच्या कडेला, मागच्या चाकावरच्या कमानीला, डिकीत स्टेपनीच्या खाली, सगळीकडं लावत फिरले. म्हणजे काय, तर पत्रा गंजला की त्यावर पुट्टी भरून रंग मारतात, आणि पुट्टीला चुंबक धरत नाही. इथं सगळीकडं खटकन धरलं! चाचा म्हणाले, मुंबईची गाडी असती तर खाऱ्या हवेनं खालून चाळण झाली असती, आपल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. पण उन्हानं रबर आणि डॅशबोर्ड गेले ते गेलेच. दारांची रबरं नुसती भुगा.

मग बॉनेट उघडलं. चाचांनी चिंधीनं पुसून इंजिनचा नंबर वाचला, चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. पूर्वी पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळांनी असल्या गाड्यांची मूळ इंजिनं उपटून दुसऱ्याच कुठल्या गाडीचं डिझेल बसवलं होतं हो. तसं निघालं तर ओरिजिनल कशाचं? थोरल्या सुनेनं आरसी बुक हातात घेतलं, आकडा न् आकडा ताडून बघितला. दोन्ही नंबर जुळले! धाकट्याचं तोंड असं फुललं... आणि दलाल तर लगेच भाव वाढवायच्या बेतात.

तेवढ्यात थोरलीनं पान उलटलं. म्हणाली, "डॉक्टरकाका, नंबर एमएच 22 आहे."

डॉक्टर म्हणाले, "मग? आपण परभणीतच होतो की तेव्हा." खरंच आहे, हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला, एमएच 38 त्यानंतरचं.

"तसं नाही काका. पंधरा वर्षांनी नोंदणी रिन्यू करायची होती. केलेलीच नाही."

अहो, काय सांगू! डॉक्टरांचा चेहरा पडला, दलाल मोबाईल कानाला लावून शेडच्या बाहेर. फोन आलाच नव्हता हो, काकींनी बघितलं ना! थोरलीनं तिथंच उभ्या उभ्या हिशोब मांडला. वीस वर्षांवरच्या कारचं रिन्युअल, ऑगस्ट 2025 पासून फी 10 हजार. उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा, इन्शुरन्स, पीयूसी, ती नवी नंबर प्लेट. आणि एवढं करून आरटीओ साहेबांनी गाडी तपासून पास करायची. नाहीतर दारात उभी करून हळद-कुंकू वाहायचं! धाकटा म्हणतो, "व्हिंटेजमध्ये टाकू." ती म्हणाली, "भावजी, 2021 चा नियम आहे, व्हिंटेजला 50 वर्षं लागतात. सगळ्यात पहिली कॉन्टेसा 2034 ला पन्नाशीची होईल. शिवाय 20 हजार फी, आणि रोज फिरवायची नाही, फक्त प्रदर्शनाला नाहीतर रॅलीला." भाऊ एकदम खूश. म्हणाले, "चला, ट्रॉली बघायला जाऊ."

पण खरी गंमत पुढंच आहे. पोरगा हट्टाला पेटला ना! म्हणतो, कागद मी करतो. मग एकदा का घरी आली की लालभडक रंग मारायचा, अलॉय व्हील, मोठा सायलेन्सर, आतून काळं लेदर... आणि दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर घेऊन जायची!

चाचा चहा पीत होते, त्यांनी बशी खाली ठेवली. "बेटा, फिर ओरिजिनल के पैसे क्यों दे रहा है?"

सगळे गप्प. आजी खुर्चीतून बोलल्या, "माझ्या पैठणीला नवी जर लावलीस तर ती पैठणी ऱ्हाईल का रे?" धाकटा जमिनीकडं बघायला लागला. काकी म्हणतात, तेवढ्यापुरती मला दया आली त्याची.

बघा ना, चाचांचं काय चुकलं? रंग काय, कुणीही कधीही मारतो. कारखान्यातून निघाला तो रंग एकदा खरवडला की ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही. डॉक्टर जास्तीचे पैसे मागतात ते त्या विटलेल्या रंगाचे आणि न हललेल्या नटबोल्टांचे. ज्याला लाल रंग मारून मिरवायचं आहे, त्यानं दुसरी कुणीतरी आधीच हात मारलेली कॉन्टेसा घ्यावी, स्वस्तात. चाचा म्हणाले, त्या लागेल तेवढ्या मिळतात.

आणि ठेवायची तशीच ठेवली तरी खर्च सुटत नाही हं. आता पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल. आपलाच ऊस जातो त्यात, पण त्या काळच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, फुगतात, गळतात. म्हणजे पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरची किट आधी बदलायची, आणि जुनी झाली म्हणून ब्रेकची रबरंही. चाचा म्हणाले, जिवाशी गाठ असलेल्या ठिकाणी ओरिजिनलचा हट्ट नको, फक्त जुनं काढलेलं डब्यात जपून ठेवायचं. दिव्याची काच फुटली, पट्टी तुटली, तर कोलकात्याचा मल्लिक बाजार नाहीतर मुंबईचा चोर बाजार. 2022 मध्ये कॉन्टेसा हे नावच हिंदुस्तान मोटर्सनं दुसऱ्या कंपनीला विकलं. नाव विकलं गेलं म्हणून सुटे भाग मिळतात का कुठं?

शेवटी ठरलं काय म्हणता? भाऊंनीच तोडगा काढला. आहेत पक्के, हळदीत केस पांढरे झालेत त्यांचे! म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नोंदणी तुम्ही तुमच्या नावावर आधी रिन्यू करून घ्या. पास झाली तर तुमचा भाव, एक रुपया कमी करणार नाही. नाही झाली तर नमस्कार." आणि पोराला अट, रंगाला हात लावायचा नाही. डॉक्टर तयार झाले. दलाल कमिशनचं काय म्हणून विचारत होता, त्याला कुणी उत्तरच दिलं नाही.

आता मला विचाराल तर घ्यावी पोरानं. नंबर जुळलेत, पत्रा चांगला आहे, अशी गाडी या भागात परत निघायची नाही. पण जशी आहे तशी सांभाळायची तयारी असेल तरच, नाहीतर ट्रॉली बरी, चार पोती तरी वाहील. तुमच्या भाच्यालाही जुन्या गाड्यांचा नाद आहे ना? त्याला सांगा, गाडीची ताडपत्री मागून उचल बाबा, आधी आरसी बुक माग. आणि हे मी सांगितलं म्हणून काकींना बोलू नका हं!