डेन्मार्कची पार्टी

आमचे नाना सुरतच्या डिंडोलीत राहतात, पांडेसऱ्याच्या एका डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये कलर मास्टर आहेत, पन्नाशी ओलांडलेले आहेत आणि लेगो खेळतात. यातला शेवटचा भाग त्यांच्यासमोर बोलायचा नाही. "खेळत नाही, बांधतो," असं ते जागच्या जागी दुरुस्त करतात, आणि ते खरंच आहे. खेळणारा माणूस मध्येच हसतो. विटा जोडताना नानांना हसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

या जातीच्या माणसाची पहिली खूण म्हणजे भाचा. सगळी खरेदी भाच्यासाठी असते. ज्या भाच्याच्या नावावर नानांकडे पहिला डबा आला तो आता पुण्यात नोकरीला आहे, त्याचं लग्न ठरलंय, तरी त्याच्या नावावर डबे येतच असतात. पूर्वी काही डब्यांवर वयोमर्यादा ४ ते ९९ अशी असायची. त्यामुळे नाना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होते, पण मनातून चोरटे. मग २०२० मध्ये कंपनीने मोठ्या माणसांसाठी काळ्या डब्यांत वेगळा माल काढला आणि त्यावर ठळक '१८+' छापलं. नानांना वाटलं, आपल्याला जगाने मान्यता दिली. तसला पहिला डबा कुरियरवाल्याने वॉचमनकडे ठेवला तेव्हा वॉचमनने तो वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडेतिकडे बघत, नानांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "भाभीने नथी कह्युं." नानांनी त्याला मान्यतेचा अर्थ समजावायचा प्रयत्न केला. वॉचमन समजूतदारपणे मान हलवत राहिला.

परदेशातले प्रौढ शौकीन आपल्या आयुष्यातल्या एका अंधारयुगाबद्दल बोलतात. तेरा-चौदाव्या वर्षी विटा माळ्यावर जातात, मग कॉलेज, प्रेम, नोकरी, आणि पुढे कधीतरी, हातात पैसा आल्यावर, परतीचा प्रवास. नानांचं अंधारयुग जन्मापासूनच सुरू झालं. वडील अमळनेरकडून तापी व्हॅलीच्या गाडीने उधन्याला उतरले आणि लूमवर लागले. खानदेशातून सुरतेत आलेल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्या या पोराची खेळणी म्हणजे सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन. एकात एक बसवले की मनोरा होतो, आणि मनोरा झाला की पडतो. शेजारच्या एका मुलाकडे मेकॅनिक्स होतं, पण त्याचे नटबोल्ट तो मोजून बाहेर काढायचा आणि मोजून आत ठेवायचा. नानांच्या मते त्यांच्या सगळ्या आयुष्याचं मूळ त्या मोजणीत आहे. मला हे मूळ जरा सोयीस्कर वाटतं. पण प्रत्येक शौकिनाला बालपणीचं एक दुःख लागतंच.

मिलमध्ये नानांचं काम म्हणजे शेड मॅच करणं. पार्टी कापडाचा तुकडा देते, त्या रंगाचं हजारो मीटर कापड निघायला हवं. निघत नाही. पाणी बदलतं, डायचा लॉट बदलतो, वाफ कमी पडते, आणि मरून जो आहे तो विटकरी होऊन बसतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात नेला की फितूर होतो. दिवसभर हे सोसणारा माणूस रात्री जेवण झाल्यावर दोन विटा हातात घेतो, दाबतो, आणि खट्. बसल्या. "ही १९५८ ची घ्या नाहीतर आजची," नाना सांगतात, "बसणार म्हणजे बसणार." हे खरं आहे. वीट आडवी आठ मिलिमीटरच्या हिशेबात चालते, उंची ९.६, आणि तीन चपट्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक वीट. साच्यातली चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. नानांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवात दोन लॉट असे कधी जुळले नाहीत. लोकांना वाटतं नानांचं लहानपण संपलेलं नाही. मला वाटतं नानांना फक्त एकदा तरी लॉट जुळलेला बघायचाय.

ज्या सुताराने १९३२ मध्ये लेगोचा हा धंदा काढला त्या ओले कर्क क्रिस्टियानसेनबद्दल नाना एकेरीत बोलत नाहीत. "सुतार माणूस होते. लाकडाची खेळणी करायचे." त्यांचं गाव बिलुंड, डेन्मार्कमध्ये. हे नानांचं पंढरपूर, वारी अजून व्हायचीय. आजच्या विटेचा, म्हणजे आत नळ्या असलेल्या विटेचा, पेटंट अर्ज त्यांच्या मुलाने २८ जानेवारी १९५८ ला केला. "अठ्ठावीस!" नाना बोट वर करतात. "आता सांगा, पांडुरंग विटेवर किती युगं उभा आहे?" यावर वहिनी आतून म्हणतात, "तो उभा तरी आहे. तुम्ही विटांत बसलात ते उठत नाही."

वहिनींशी वादात नानांनी एकदा शास्त्राचा आधार घेतला. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. हा आकडा नाना आपल्या बँकखात्याच्या नंबरासारखा घडाघडा म्हणतात. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सहाच पुरेत की! बाकीच्या कशाला आणल्या?" नानांच्या आईने तर केव्हाच निकाल देऊन टाकलाय. "आरे भाऊ, तुले याड लागनं का रे?" असं त्या दर रविवारी विचारतात, आणि चष्मा लावून, सांडलेल्या विटा वेचायला सर्वांत आधी त्याच बसतात.

विटा ठेवायच्या कुठे, हा या पंथातला मोठा तात्त्विक प्रश्न. नवशिका माणूस रंगावर वर्गवारी करतो. मग त्याला लाल विटांच्या ढिगात एक लाल बिजागरी शोधायची वेळ येते आणि तो शहाणा होतो. आकारावर वेगळं करायचं, रंग डोळ्यांना आपोआप सापडतो. कलर मास्टर असूनही नानांनी हे मान्य केलं, हा त्यांचा मोठेपणा. डबे मात्र सुरती: साड्यांची रिकामी खोकी, वर पारदर्शक खिडकी असलेली. बाजूला स्केचपेनने '२ बाय ४', '१ बाय १ गोल', 'उतार'. या व्यवस्थेने एकदाच दगा दिला. नंदुरबारला लग्नाला निघताना घाईत आहेराच्या पिशवीत साडीऐवजी '१ बाय १ गोल, पांढरे' गेलं. वरमाईने खोकं हलवून पाहिलं, आत खुळखुळलं, मोती असतील असं समजून तिने ते देवाजवळ ठेवलं. परत मागायला नाना दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने एकटेच गेले. त्यांनी बदल्यात दोन साड्या दिल्या, तरीही त्या घरात नाना म्हणजे दिलेलं परत नेणारा माणूस अशीच ख्याती आहे.

माल आणायचा कुठून, ही दुसरी साधना. बजेटच्या दिवशी सगळे इन्कमटॅक्सचा स्लॅब बघतात, नाना खेळण्यांवरची आयात ड्युटी बघतात. २०२० च्या बजेटात ती २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. त्या दोन्ही रात्री नाना जेवले नाहीत. तेव्हापासून सारी भिस्त न्यू जर्सीच्या साडूंवर. साडू येताना डबा तिथेच फेकून देतात, विटा पिशव्यांत भरून कपड्यांच्या घड्यांत खुपसतात, आणि जाताना नानांच्या घरून भाजणी, पापड, कळण्याचं पीठ आणि ठेचा घेऊन जातात. वजनाला वजन. डबा फेकला हे ऐकून नाना दर वेळी दुखावतात, कारण शौकिनाला डबाही हवा असतो. बाजारात नकली माल ढिगाने आहे, आणि सकाळी निघालेल्या साडीच्या डिझाइनची संध्याकाळी कॉपी करणाऱ्या शहरात त्याबद्दल नाक मुरडणं तसं हास्यास्पदच. पण नाना मुरडतात. नकली वीट दोन बोटांत धरून, जरा वाकवून, खाली ठेवतात. "पकड नाही."

आता करड्या रंगाबद्दल. साधारण २००४ च्या सुमारास कंपनीने आपला करडा बदलला. जुन्यात पिवळट झाक होती, नव्यात निळसर आली. जगभरच्या मोठ्या माणसांनी त्यावर आकांडतांडव केलं. हे घडलं तेव्हा नानांच्या घरात एकही वीट नव्हती, तरी आपण पानिपत सांगतो त्या आवाजात ते ही कथा सांगतात. कारण उघड आहे: जिथे सगळं जुळतं म्हणून गेले, तिथेही लॉट बदललाच. पुढे कुणाकडून तरी जुन्या करड्या विटांची पिशवी हाती लागली आणि नाना एक जुनी, एक नवी वीट जेवणाच्या डब्यात घालून मिलमध्ये घेऊन गेले. लॅबच्या लाइट बॉक्समध्ये दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या. आधी दिवसाचा उजेड, मग दुकानातला, मग पिवळा बल्ब. पिवळ्यात दोन्ही बहिणी वाटत होत्या, दिवसाच्या उजेडात पुन्हा सवती. इतक्यात शेठ आत आले.

"आ कई पार्टीनुं छे?"

"डेन्मार्कची पार्टी आहे, शेठ."

शेठ खूश झाले. "पेमेंट केवुं छे?"

"ॲडव्हान्स," नाना म्हणाले. आपण देतो, एवढं फक्त त्यांनी सांगितलं नाही.

सुरतेला शौक समजतो, पण हिशेबासकट. समोरच्या फ्लॅटमधले काठियावाडी काका हिऱ्याच्या दलालीत आहेत. ते नानांकडे येतात, काय बांधलंय ते एका नजरेत बघतात आणि विचारतात, "केटलामां पड्युं? आमां फायदो शुं?" एकदा नानांनी फायदा सांगायची चूक केली. २००८ मध्ये ताजमहालाचा संच निघाला होता, ५,९२२ तुकड्यांचा. तो बंद झाल्यावर न फोडलेल्या डब्याला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव आला. काकांचे डोळे बारीक झाले, हातातला चहा तसाच राहिला. एक डबा घेऊन ठेवू, पार्टनरशिपमध्ये. नानांनी शोधाशोध चालवली होती आणि तेवढ्यात, २०१७ मध्ये, कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा काढला, या खेपेला ५,९२३ तुकड्यांचा. जुन्याचा भाव कोसळला. "एक टुकडो वधार्यो ने बजार तोडी नाख्युं!" काका आजही हळहळतात. त्या दिवसापासून डॅनिश लोकांच्या धंद्याच्या अकलेबद्दल त्यांना आदर आहे.

गेल्या दिवाळीत नानांनी किल्ला करायचं ठरवलं. गल्लीतली पोरं मातीचा करतात, नाना विटांचा करणार. कोणता? सिंधुदुर्ग. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला १६६४ हा विषय जपून काढावा लागतो, पण नानांना इतिहासाचा हिशेब फार आवडतो. त्या वर्षी जानेवारीत महाराज सुरतेत आले आणि नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. सुरतेचा पैसा त्या तटात आहे, असं सांगतात.

मग गणित सुरू झालं. लेगोचा माणूस चार सेंटिमीटरचा. त्याला साडेपाच फुटांचा मानला तर प्रमाण सुमारे ४२ ला १. सिंधुदुर्गाचा तट जवळजवळ ३ किलोमीटर, म्हणजे विटांत ७० मीटरहून जास्त. आमच्या सोसायटीचं पार्किंग त्यापुढे तोकडं. शिवाय तट नागमोडी. चौकोनी विटेला वळण शिकवायचं तर मध्येमध्ये गोल घालून सांधे सैल सोडावे लागतात, आणि सैल हा शब्द नानांना सोसत नाही. शेवटी एकटा मुख्य दरवाजा घेतला, बुरुजांच्या कुशीत लपलेला, नवख्याला समोर जाऊनही चटकन न दिसणारा तो. ३० फुटी तट, म्हणजे बावीस-तेवीस विटांची उंची. रोज रात्री एक-एक थर चढायला लागला.

आणि करडा संपला. जुनाही पुरेना, नवाही. दोन दिवस नाना कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी खालचे सहा थर उतरवून जुन्या, पिवळट करड्यात पुन्हा बांधले, वर नवा निळसर लावला आणि मला हाक मारली. "काय दिसतं?" दिसत होती भरतीची रेघ. जिथवर समुद्राचं पाणी चढतं तिथवर दगड वेगळा. कंपनीने वीस वर्षांपूर्वी घातलेला घोळ नानांनी मालवणच्या खाऱ्या पाण्यावर ढकलून दिला होता. चाळीस वर्षांत मिलमध्ये फसलेल्या लॉटचं असं सोनं करायची मुभा त्यांना एकाही पार्टीने दिली नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळी सोसायटी बघून गेली. एका मुलाने तटावर प्लास्टिकचा डायनासोर ठेवला. नानांनी तो उचलून बेटाबाहेर, 'समुद्रात' ठेवला. हीच त्यांची उदारता. काठियावाडी काका सर्वांत शेवटी आले. नानांनी इतिहास थोडा मऊ करून सांगितला. काकांनी मान डोलवली, मग एकदम थांबले.

"पैसा सुरतना हता?"

"असं म्हणतात."

"तो तो आ किल्लो अमारो छे!"

एवढं बोलून त्यांनी मालकाच्या नजरेने तटाला फेरी मारली, भरतीच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच भाव विचारला नाही. मग खिशातून मोबाइल काढला. खजोदचं डायमंड बुर्स: डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झालेलं, पेंटागॉनहून मोठं म्हणून गाजलेलं, पंधरा-पंधरा मजल्यांचे नऊ टॉवर. त्यात काकांचं ऑफिस आहे. "नाना, आवती दिवाळीए आ बनावो. पैसा हुं आपीश. बधा."

आजवर नानांना या कामाचे कुणी पैसे देऊ केलेले ऐकिवात नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला, पुन्हा ट्यूबखाली आणला आणि मोबाइल काकांच्या हातात परत दिला.

"फोटोवरून शेड मॅच होत नाही, काका. सॅम्पल आणा."