साव आणि चोर, आवाज एकच

बंगालमधल्या बजबजच्या मासळी बाजारात मला फसवणं तसं अवघड. 'दादा, एकदम टाटका!', म्हणजे ताजा, असं म्हणताना विकणाऱ्याचा सूर जरा जास्तच गोड लागला, की इलिश कालचा, हे मी न हुंगता सांगतो. बायकोची बदली इथल्या तेल डेपोत झाली, तेव्हापासून डोळ्यांनी अंध असलेल्या माझ्या कानांनी हुगळीकाठी कमावलेली ही विद्या.

संगणकावर खरेदी करताना ती कवडीच्या कामाची नाही. तिथे साव आणि चोर एकाच आवाजात बोलतात, कारण आवाज पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या माझ्याच स्क्रीन रीडरचा. मी एनव्हीडीए वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं 2006 साली सुरू केलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. '70 टक्के सूट' आणि 'माल परत घेतला जाणार नाही' ही दोन्ही वाक्यं ते तलाठ्यानं सातबारा वाचावा तशी वाचतं.

"अहो, वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप असलं की घ्यावं बिनधास्त," बायको म्हणते. संगणकावरच्या क्रोमनं ते कुलूप 2023मध्येच काढलं. लोक त्यावर नको तेवढा भरवसा ठेवायला लागले होते. कुलूप म्हणजे एचटीटीपीएस. ते असलं, की कार्डाचा नंबर वाटेत कुणी वाचत नाही, इतकंच. तो भामट्याच्या हाती पडला, तर सुखरूप पडतो. त्याचं प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळतं.

म्हणून मी पत्ताच ऐकतो. ऑल्ट-डी दाबायचं आणि बाणाच्या कळीनं एकेक अक्षर पुढे सरकायचं. इथे मात्र डोळस मंडळी माझ्या मागे. आर आणि एन चिकटून बसले, की त्यांना एम दिसतो. मला दोघंही वेगवेगळी हजेरी देतात. शून्य ओ असल्याचं सोंग आणू शकत नाही. पण अख्खा शब्द एका दमात वाचू दिला, तर मीही गेलो: 'बाजार'मध्ये एखादा ए जादा घुसवला, तरी उच्चार तोच. शिवाय खरा मालक एचटीटीपीएसपुढच्या दोन रेघा सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी अलीकडे बसलेला असतो. सुरुवातीला नामांकित दुकानाचं नाव आणि मागे भलतंच शेपूट असेल, तर दुकान शेपटाचं.

काही ठिकाणी घड्याळच ओरडत राहतं: नऊ मिनिटं उरली, आठ उरली. अशी खोटी घाई करणं केंद्राच्या 2023च्या नियमांत बसत नाही. मी शांतपणे पान पुन्हा उघडतो. दहा मिनिटं पहिल्यापासून सुरू होतात. तिथल्या एका साडीचा 'शेवटचा एकच नग' गेल्या दिवाळीपासून शिल्लक आहे.