पाणी कवा सोडायलाव?

मराठवाड्याला समुद्र नाही, ही बातमी माझा मेहुणा दर हिवाळ्यात मला नव्यानं देतो. तो मूळचा लातूरचा, पण आता ऐरोलीला राहतो आणि ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो घरच्या ग्रुपवर मालकीहक्कानं टाकतो. शेवटी मी त्याला सांगितलं, की तुझे फ्लेमिंगो बहुतेक कच्छच्या रणातून येतात. गुजरातहून मुंबईत येणं यात कसलं कौतुक? आमच्याकडे येणारा पट्टकादंब मंगोलिया-तिबेटाकडून हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून पाहिलं, तेव्हा त्याच्या ७ हजार मीटरच्या वरच्या उड्डाणाची नोंद झाली. एवढा खटाटोप करून तो उतरतो कुठे, तर पैठणच्या नाथसागरावर. वाटेत मुंबईकडे वळत नाही.

मेहुणा म्हणाला, "मग दाखवा."

इथे माझी पंचाईत झाली, कारण पैठण नांदेडहून लांब आणि माझी कीर्ती नांदेडपुरती. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमध्ये राज्यात पक्षी सप्ताह असतो आणि त्या आठवड्यात मला शाळांमधून भाषणाची बोलावणी येतात. नाही आली तर मी आठवण करून देतो. तेव्हा शनिवारी विष्णुपुरी आणि रविवारी धनेगावचं मांजरा धरण, असा बेत ठरला.

विष्णुपुरीच्या जलाशयावर मी लष्करी ठिपक्यांचं जाकीट, कानटोपी, गळ्यात दुर्बीण आणि काखेत चितमपल्लींचा 'पक्षीकोश' अशा थाटात उतरलो. काठावर मोटारीजवळ बसलेला शेतकरी लगबगीनं उठला. मेहुण्यासमोर ही अशी ओळख मिळाली म्हणून मी सुखावलो. तो म्हणाला, "साहेब, पाणी कवा सोडायलाव?"

मी पाटबंधारे खात्याचा नाही, पक्षी बघायला आलोय, हे ऐकून तो ज्या नजरेनं बघत राहिला, त्या नजरेनं मी अजून एकाही पक्ष्याकडे पाहिलेलं नाही. "मग ते पुस्तक कशाला?" असं त्यानं विचारलं. खात्याची नोंदवही समजला होता बिचारा. मेहुणा हसू दाबत चिखलातल्या तुतवारांकडे वळला.

आणि आता सायबेरिया. हा विषय निघाला की घरातले उठून जातात. तुम्हीही जाऊ शकता. दर डिसेंबरात कुठल्याही तलावावर चार पांढरे ठिपके दिसले, की वर्तमानपत्रात मथळा येतो: सायबेरियाचे पाहुणे दाखल! चक्रवाक आपल्याकडे लडाख-तिबेटाकडूनही येतो, पण मथळ्यात सायबेरियाच. शेकाट्या बारा महिने आमच्या कॉलनीमागच्या नाल्यात लाल तंगड्यांवर उभा असतो, त्याच्याही फोटोखाली सायबेरिया. उद्या एखाद्या कोंबडीनं धरणाच्या भिंतीवर उभं राहून फोटो काढून घेतला, तर तिलाही व्हिसा मिळेल.

आता भोरडीचं बघा. ती कझाकस्तानकडून येते. चीनच्या शिनजियांगमध्ये तिनं टोळ खावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचतात. आपल्याकडे हजारोंच्या थव्यानं उतरते, आभाळात अशी वळते की फ्लेमिंगोंनी शिकवणी लावावी. पण तिला आजवर कोणी पाहुणी म्हटलेलं नाही, कारण ती ज्वारी खाते. जो पाहुणा नुसता पाण्यात डुंबतो त्याला पहिलं पान, जो जेवायला बसतो त्याला गोफण! हा नियम मी मेहुण्याला लातूरच्या वाटेवर एका शेतात समजावून सांगत होतो, तेव्हा त्याचा तिसरा वाटा हुरडा संपत आला होता. पूर्वी या पट्ट्यात अशी शेतं किती होती! आता सगळीकडे सोयाबीन, आणि मागे हरभरा. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या बायका दिसत नाहीत. भोरड्यांना शिव्या देणारंही माणूस उरलं नाही.

रविवारी सासूबाईही आल्या. मांजरा धरण आहे बीड जिल्ह्यात, पण लातूरचा जीव त्यात अडकलेला. यंदा बॅकवॉटर दूरवर पसरलं होतं. चक्रवाकांच्या जोड्या, वारकऱ्यांचे काळे थवे, कडेला पाणकावळे पंख वाळवत बसलेले. मी दुर्बीण नीट लावून सासूबाईंच्या हातात दिली आणि मेहुण्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "भिंतीला लागलंय बघा पाणी. दोन उन्हाळे निघतील."

पक्षी त्यांनी पाहिलेच नव्हते. २०१६ साली हे धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात सासूबाई रात्रीबेरात्री उठून टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या. अजूनही घरातलं एकही भांडं रिकामं ठेवत नाहीत. दिवाळीला आलेला मिठाईचा डबासुद्धा धुऊन भरून ठेवतात. त्या उन्हाळ्यात मेहुणा ऐरोलीत होता आणि मी नांदेडात पक्ष्यांच्या पाणवठ्यांवर व्याख्यानं देत होतो. मातीचं पसरट भांडं गच्चीवर कसं ठेवावं, असा विषय. लातूरला फोन केला की सासूबाई एवढंच विचारायच्या, "तुमच्याकडं नळ येतो का?"

मला एकदम त्या दुर्बिणीची लाज वाटली. मेहुणाही गप्प झाला आणि विनाकारण लेन्स पुसत बसला.

सासूबाईंची दुर्बीण मात्र आता हळूहळू पाण्यावरून सरकत पक्ष्यांकडे वळली. एक थवा उठला, गोल फिरून पुन्हा पाण्यात बसला. आता नावं विचारतील म्हणून मी 'पक्षीकोश' उघडला.

"जावईबापू, हे एवढाले पाखरं," त्या म्हणाल्या, "रोज पाणी किती पेतेत ओ?"

चितमपल्लींकडे याचं उत्तर शोधण्याइतका वेळ नव्हता. मी म्हटलं, "फार नाही पीत."

"मंग राहू द्या," सासूबाई म्हणाल्या, आणि दुर्बीण पुन्हा भिंतीकडे वळवली.