लय एक, आकडे दोन

एका माणसाला टेबलावर उताणं झोपवायचं. एक तपासनीस डोक्याशी बसवायचा, दुसरा पायाशी. दोघांना एकमेकांचं काही कळू द्यायचं नाही आणि एकाच वेळी दोघांनाही विचारायचं, या माणसाची क्रेनिओसॅक्रल लय मिनिटाला किती? १९९८ साली अमेरिकेत २८ जणांवर हा प्रयोग झाला. दोन्ही तपासनीस क्रेनिओसॅक्रल थेरपीतले जाणकार. त्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. एकाच तपासनिसाने पुन्हा मोजलं, तर त्याचा स्वतःचा आधीचा आकडाही धड जुळेना. त्याआधी १९९४ साली तीन फिजिओथेरपिस्टनी १२ जणांची लय मोजली होती. तिघांमधला मेळ शून्यावर आला.

मनगटावर तीन जणांनी बोटं ठेवली तर नाडी ७२ की ७४ एवढाच वाद होतो, कारण नाडी असते. ज्या लयीवर हा सगळा उपचार उभा आहे ती दोन तरबेज हातांना सारखी लागत नसेल, तर थेरपिस्ट बोटांनी नेमकं काय मोजतो आणि कशाचं निदान सांगतो? याचं उत्तर पंचवीस वर्षं उलटली तरी मिळालेलं नाही. त्याआधीच पुण्या-मुंबईत पाट्या लागल्या आहेत आणि खाली यादी आहे: मायग्रेन, निद्रानाश, पाठदुखी, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी.

मुळात कल्पना अशी. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जो द्रव असतो, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत ‘पाठीतलं पाणी’, तो मिनिटाला सहा ते बारा वेळा भरतो-ओसरतो. त्याबरोबर कवटीची हाडं किंचित हलतात आणि आवरणाच्या ताणाने पार खालचं त्रिकास्थीही हलतं. ही हालचाल अडली की आजार. थेरपिस्टने हलक्या हाताने अडथळा सोडवायचा. हात किती हलका? पाच ग्रॅम. आपलं जुनं स्टीलचं एक रुपयाचं नाणं तळहातावर ठेवून बघा, जवळपास तेवढं.

याची सुरुवात विल्यम सदरलँड या अमेरिकन ऑस्टिओपॅथपासून होते. मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला शिकत असताना, १८९९ च्या सुमाराला, सुट्या केलेल्या कवटीची हाडं त्यांनी पाहिली. त्यांच्या तिरप्या कडा त्यांना माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या. कल्ले श्वासासाठी हलतात, तर ही हाडंही हलत असणार, हा त्यांचा तर्क. पुढे चामड्याचे पट्टे बांधून त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग केले आणि १९३९ साली पुस्तक काढलं. चिकाटी अस्सल होती, माणूस प्रामाणिक होता. पण त्यांच्या मांडणीतली मुख्य बिजागरी कवटीच्या तळाशी आहे, स्फिनॉइड आणि डोक्यामागचं हाड जिथे भेटतात तिथे. तो सांधा तरुणपणीच हाडाने भरून एकजीव होतो. चाळिशीतल्या माणसात तिथे हलायला काही उरलेलंच नसतं.

‘क्रेनिओसॅक्रल थेरपी’ हे नाव आणि आजचं स्वरूप दिलं जॉन अपलेजर यांनी. एका मानेच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूचं आवरण धरून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते आवरण हातात स्थिर राहीना. तिथून त्यांनी पुढची वीण घातली. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत संशोधन केलं आणि १९८५ साली फ्लोरिडात संस्था काढली. आवरण हललं असेलच. एमआरआयवर आज स्पष्ट दिसतं की हा द्रव हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर पुढे-मागे सरकतो. मात्र त्याला स्वतःची तिसरी लय आहे आणि ती केसांवरून, कातडीवरून, हाडावरून बोटांना कळते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. २००६ साली सशांच्या कवटीवर पाच ते वीस ग्रॅमचा जोर लावून पाहिला. सांधा हलला नाही, कवटीतला दाबही बदलला नाही.

आता टेबलावर काय होतं ते सांगतो, कारण मी हा उपचार घेतला आहे. चपला काढायच्या, कपडे अंगावर तसेच. थेरपिस्ट दोन्ही हातांची ओंजळ डोक्याखाली सरकवतो, बोटांची टोकं मानेच्या वर, कवटीच्या काठाशी टेकतात आणि डोक्याचं सगळं वजन आपोआप त्या हातांत जातं. तो ओढत नाही, दाबत नाही. मग एक हात कमरेखाली, त्रिकास्थीशी. मध्येच लय थांबते म्हणे, त्याला ते ‘स्टिल पॉइंट’ म्हणतात. खोलीत फोन नाही, घाई नाही. पाऊण तास एक माणूस फक्त तुमच्याकडे लक्ष देऊन बसलेला असतो. मला गाढ झोप लागली आणि उठल्यावर खांदे उतरले होते. हा आराम खरा आहे आणि त्याला मी खोटं म्हणणार नाही. जर्मनीत जुनाट मानदुखीच्या ५४ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षाही याचा गुण जास्त आला. अभ्यास छोटा आहे, पण माझ्या मताविरुद्ध जातो म्हणून दडवायचा का? मोठ्या माणसाने मान दुखते म्हणून स्वतःच्या पैशाने हा तास घ्यावा, माझी हरकत नाही.

माझी हरकत मुलांच्या बाबतीत आहे. तान्ह्या बाळांचं संध्याकाळचं रडं बघा. ते तीन-चार महिन्यांत आपसूक ओसरतं, म्हणून त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला यश मिळतं. तिथे निदान बाळ बरं होतं. सेरेब्रल पाल्सीत तसं होत नाही.

ब्रिटनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या ५ ते १२ वर्षांच्या १४२ मुलांवर क्रेनिअल ऑस्टिओपथीची, म्हणजे याच घराण्यातल्या थोरल्या उपचाराची चाचणी झाली. निष्कर्ष २०११ साली आले. निम्म्या मुलांना सहा महिन्यांत सहा बैठका, बाकीची प्रतीक्षा यादीत. बसणं, उभं राहणं, चालणं यांचं मोजमाप केलं ते कोणत्या मुलाला उपचार मिळाला हे ठाऊक नसलेल्या माणसांनी. फरक नाही. दुखण्यात नाही, झोपेत नाही. पालकांना मात्र आपलं मूल कुठल्या गटात आहे हे माहीत होतं. एकंदर तब्येत कशी वाटते, असं त्यांना विचारलं तेव्हा उपचार मिळालेल्या गटातल्या ३८ टक्के पालकांनी ‘सुधारली’ म्हटलं, दुसऱ्या गटात १८ टक्क्यांनी.

हे दोन आकडे मला बेचैन करतात. त्या आई-वडिलांना दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या मुलाला कुणीतरी महिन्यातून एकदा शांतपणे हातात घेतं, त्याच्याकडे रोगाचा गोळा म्हणून बघत नाही, हे पाहूनच त्यांना बरं वाटलं असणार. आपल्या ओपीडीत तीन मिनिटांत चिठ्ठी खरडली जाते, आई प्रश्न विचारायला तोंड उघडते तोवर पुढचा नंबर पुकारलेला असतो. कुणीतरी लक्ष द्यावं ही भूक डॉक्टरांनी निर्माण केली आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय थेरपिस्टवर दगड मारण्याचा हक्क डॉक्टरांना नाही. पण आईला वाटणारं समाधान मुलाच्या चालण्यातली सुधारणा म्हणून विकणं हा गुन्हा आहे. लहानपणाच्या त्या वर्षांत स्नायू आखडत जातात. फिजिओथेरपी, बोलण्याचा सराव, कान-डोळ्यांची तपासणी यांना जितका उशीर, तितकं नुकसान, आणि ते भरून निघत नाही.

हे सगळं मोफत मिळायची सोय सरकारी यंत्रणेत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, २०१३ पासून, जिल्हा रुग्णालयांत मुलांसाठी डीईआयसी, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं सुरू झाली. तिथे गर्दी असते, माणसं अपुरी असतात, खेटे घालावे लागतात. तरीही आधी तिथे जा. आणि कुणी ‘कवटीची लय मोकळी केली की मूल चालेल’ म्हणालं, तर तीन गोष्टी लिहून मागा: तीन महिन्यांत नेमकं काय बदलेल, ते मोजणार कोण, आणि मोजणारा माणूस फी घेणाऱ्यापेक्षा वेगळा असेल का.