मुळासकट

घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला की माणसं दोन दिवस हळहळतात, कुणाकडून तरी फॉरमॅट मारून घेतात आणि विसरतात. नाना विसरत नाहीत. असा एक नाना तुमच्याही सोसायटीत असणारच. फॅक्टरी रीसेट करून लख्ख झालेला लॅपटॉप पुढ्यात घेऊन तो विचारतो, "गेला, हे कबूल. पण मुळासकट गेला का?"

आमचे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गळती जिथे दिसते तिथे कधीच नसते, ती वर कुठेतरी असते, हा त्यांचा नोकरीभरचा अनुभव. तर झालं असं, की पीडीएफचं वर्ड करून देणारं काहीतरी फुकटातलं त्यांनी उतरवून घेतलं आणि ब्राउझर उघडला की केस गळतीच्या जाहिराती नाचू लागल्या. नानांना पूर्ण टक्कल आहे; तेव्हा संशय बळावला. रीसेट झालं. लगेच मला फोन. "या. पंखा ऐका."

नाना लॅपटॉपच्या कडेला कान लावून बसले होते. "मी काही करत नाहीये. मग हा कशाला फिरतोय?" कोरी विंडोज बसली की अपडेट ओढते, फायलींची सूची बनवते, डिफेंडर आपली तपासणी करतो, मग यंत्र तापतं आणि पंखा फिरतो, असं मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही असंच समजावं, हीच तर त्याची इच्छा."

तिथून पुढे पंखा. जिन्यात भेटले की, "रात्री अडीचला फिरला." दूधवाल्यासमोर, "आज आवाज बारीक आहे. सावध झालाय." सोसायटीच्या सभेत पाणीपट्टीवर तावातावाने बोलता बोलता ते एकदम थांबले, वर छताचा पंखा कुरकुरत होता. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

जाहिराती मात्र परत येत होत्या, हेही खरंच. पहिल्यांदा 'माझ्या फायली ठेवा' म्हटलं होतं म्हणून नंतर सगळं पुसणारा पर्याय झाला, त्यानंतर विंडोज क्लाउडवरून उतरवून झाली. शेवटी भाचीने पाहिलं. दर रीसेटनंतर नाना आपल्या गूगल खात्यात शिरायचे आणि सिंक इमानेइतबारे तेच जुनं एक्स्टेंशन आणून बसवायचं. तिने ते काढून टाकलं. जाहिराती थांबल्या आणि नाना हिरमुसले. "एवढंच?"

मग जाता जाता भाचीच बोलून गेली, की खरोखर मुळात बसणारेही असतात. 2018 साली ईसेटच्या संशोधकांनी लोजॅक्स शोधून काढला. त्याचा मुक्काम मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या चिपमध्ये. विंडोज नव्याने टाका, हार्ड डिस्क बदला, तो जागचा हलत नाही. नानांच्या चेहऱ्यावर तेज आलं. मी म्हटलं, "नाना, तो बाल्कन आणि पूर्व युरोपातल्या सरकारी कचेऱ्यांच्या मागे लागलेल्या हेरांचा. केसांच्या तेलवाल्यांचा नव्हे."

"मीही सरकारीच होतो," नाना म्हणाले.

उजव्या कालव्याच्या उन्हाळी आवर्तनात परक्या हेरांना काय रस असावा, ते त्यांनी उलगडून सांगितलं नाही. निवृत्त माणसाला आपल्या मागावर कुणीतरी आहे असं वाटण्यातही थोडं सुख असावं. 26 एप्रिलला ते लॅपटॉप उघडत नाहीत, कारण 1999 साली त्या दिवशी सीआयएच व्हायरसने बायोस खरडून कितीतरी यंत्रं निकामी केली होती. तो विंडोज 95-98 चा जमाना होता, तुमची विंडोज 11 आहे, म्हटलं तर उत्तर तयार: "अमावास्याही जुनीच आहे."

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दर नोव्हेंबरात आमच्या तिन्ही विंगांतल्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले याच लॅपटॉपवर निघतात. ठसे घेणारं यंत्र नानांचं, वीज नानांची, चहाही नानांचाच. जाहिराती दिसू लागल्या त्या आठवड्यात नाना यातल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन उभे राहिले. "माझ्या यंत्रात घाण शिरली होती. तुमचे आधार नंबर त्यात होते. पासबुक भरून आणा, पासवर्ड बदला." काहीजण हसले. तळमजल्यावरच्या आजींकडे पासवर्डच नव्हता; नानांनी त्यांना एक करून दिला आणि लगोलग बदलायला लावला. लोकांच्या माहितीच्या इतक्या मोठ्या चोऱ्या होतात, पण दारात येऊन असं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा आईला घेऊन गेलो. नानांनी आधी डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावली, आईला पाव तास बसवून ठेवलं, कान लावला आणि मगच तिचं बोट यंत्रावर ठेवू दिलं. दाखला निघाल्यावर तिच्या आधारची फाइल तिच्यादेखत पुसली, रीसायकल बिन रिकामा केला. "आता मुळासकट..." एवढं म्हणाले आणि आईकडे पाहून गप्प बसले.

येताना केवायसीसाठी आधारची प्रत हवी म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे थांबलो. त्याच्या स्क्रीनवर डाउनलोड्सचं फोल्डर सताड उघडं होतं: आधार, पॅन, कुणाचा भाडेकरार, कुणाचे घटस्फोटाचे कागद. "व्हॉट्सअॅप करा ना," पोरगा मान वर न करता म्हणाला. आईने माझ्याकडून करवून घेतलं. प्रत बाहेर आली, फाइल रांगेत जाऊन बसली.

"दोन रुपये. सुट्टे द्या."