कुलपांचा अभ्यासक्रम

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक समिती बसते. मामा, शेजारचे काका, हिंजवडीतला चुलतभाऊ (हा फोनवरून) आणि स्वतः कधी कॉलेजची पायरी न चढलेली, पण नातवंडांच्या टक्क्यांवर बारीक नजर असलेली आजी. ज्याचं भवितव्य ठरायचं तो जीव या समितीचा निमंत्रित सदस्य. त्याने चहा आणायचा, मत द्यायचं नाही.

या समितीपुढे 'बी.एस्सी. मॅथ्स' असा शब्द काढून बघा. मामा लगेच विचारतो, "म्हणजे पुढे बी.एड.च ना?" आणि 'बीसीएस' म्हणा, त्याच मामाचा चेहरा फुलतो. पगार, परदेश आणि शनिवार-रविवारची सुट्टी, सगळं त्याला त्या तीन अक्षरांत दिसायला लागतं. पुणे विद्यापीठाच्या बीसीएसला गणित मागच्या दाराने आत येतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 2019 चा अभ्यासक्रम काढून पाहा: पहिल्या वर्षाला मॅट्रिक्स, ग्राफ थिअरी, डिस्क्रीट मॅथ्स, दुसऱ्याला 'ग्रुप्स अँड कोडिंग थिअरी'. गणिताला भिऊन कॉम्प्युटरच्या आडोशाला गेलेली पोरं तिथे नेमकी गणिताच्याच तावडीत सापडतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने ही लपवाछपवी ठेवलेली नाही. तिथे पदवीच 'मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स' अशी, पाटीवर दोघांचीही नावं.

हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो मात्र पुण्यात नाही आणि चेन्नईतही नाही, शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर. घोडेगावहून आत वळलं की दोन्ही बाजूंना रसवंत्या लागतात. त्यातल्या एकीचे मालक आण्णा, शिंगणापूरचेच. त्यांची थोरली सोनईच्या कॉलेजात बीसीएसला. सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर ती बसते आणि आण्णा आल्या-लिंबाचं बघतात.

"सर, काय सांगायचं," आण्णा ग्लास विसळत म्हणाले, "सगळ्या गावाला कुलूप नाही, अन् आमची पोरगी कॉलेजात कुलपंच शिकतीय."

गाव माहीत नसलेला मराठी माणूस विरळा, तरी सांगतो. घरांना चौकट आहे, फळ्या नाहीत. फार तर पडदा, किंवा कुत्रं शिरू नये म्हणून आडवी लावलेली एखादी फळी. देवालाच छप्पर नको, तर भक्तांना दार कशाला, असा हिशेब. काळी शिळा चौथऱ्यावर उघड्या आभाळाखाली उभी आहे. 2011 च्या जानेवारीत युको बँकेने इथे बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. दार काचेचं, आणि कुलूप म्हणाल तर डोळ्यांना न दिसणारं, विजेवर चालणारं, अशी तडजोड केल्याचं छापून आलं होतं. बँकेला श्रद्धा परवडते, ऑडिट मात्र चुकवता येत नाही. 2015 साली पोलीस ठाणंही आलं.

गावाची राखण कोण करतं, तर धाक. इथे चोरी केलेला माणूस रात्रभर चालतो, आपण लांब निघून आलो असं त्याला वाटतं, आणि उजाडल्यावर बघतो तर अजून गावाच्या शिवेतच, असं सांगतात. ही गोष्ट निघाली तेव्हा गल्ल्यावरून आवाज आला, "इन्फिनिट लूप."

मला मात्र देवळालीचे कापरेकर गुरुजी आठवले. 1929 चे बी.एस्सी., आणि समितीतल्या मामाला ज्याची धास्ती वाटते ते, म्हणजे जन्मभर शाळामास्तर. त्यांचा तो सुप्रसिद्ध आकडा 6174. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही 6174 वर येता, आणि 7641 मधून 1467 वजा केले की पुन्हा 6174. तिथून सुटका नाही. शिंगणापूरचा चोर तो हाच.

पोरीने बिलबुकाचं एक पान उलटं केलं. "आण्णा, 391 कशाकशाचे?"

आण्णांचे पाढे तिसापर्यंत पाठ. तिनाने जात नाही, साताने जात नाही, अकराने नाही, तेराने नाही असं पुटपुटत ते सतरावर पोचले आणि तेवीस काढून मोकळे झाले. गिऱ्हाईकाने टाळी दिली. पोरीने शांतपणे खाली दुसरा आकडा लिहिला: 8633. आण्णांनी आधी पानाकडे पाहिलं, मग चरकाकडे. "बैल थांबलाय का बघून येतो," म्हणाले.

सगळी विद्या एवढीच. दोन मूळ संख्यांचा गुणाकार कुणालाही येतो. गुणाकारावरून त्या दोन संख्या परत काढायला घाम फुटतो. 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यावर कुलूप बांधलं. गुणाकार चारचौघांत जाहीर करायचा, अवयव आपल्यापाशी ठेवायचे. आज 2048 बिटांची अशी कुलपं वापरतात, म्हणजे तो जाहीर आकडाच सहाशे सतरा अंकी. यातलं खालचं गणित अठराव्या शतकातल्या ऑयलरचं. बँका, पगार, पासवर्ड यांचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. केंब्रिजच्या हार्डीने तर 1940 मध्ये, आपल्या संख्या-सिद्धांताचा लढाईला काही उपयोग नाही, याचं समाधान छापून ठेवलं. 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्या मामाची नि हार्डीची गाठ पडायला हवी होती. दोघांचं एकमत झालं असतं आणि दोघेही चुकले असते.

गंमत पुढेच आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीने ठरवता येतं. ते 2002 साली सिद्ध केलं आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, आणि त्यातले कयाल नि सक्सेना नुकते कुठे बी.टेक. झालेले. पण अवयव पाडणं खरोखरच अवघड आहे, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. इतक्या हुशार माणसांना इतकी वर्षं जमलं नाही, म्हणून अवघड, एवढीच त्याची ग्वाही. म्हणजे जगभरचा पैशाचा व्यवहार ज्याच्या भरवशावर चालतो, त्याच्या मुळाशीही एक धाकच. शिंगणापूरला हसण्याआधी शहरी माणसाने आपला फोन जरा उलटा करून पाहावा.

त्या धाकाच्या राशीलाही शनी लागलेला आहेच. पीटर शोरने 1994 मध्ये दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर झाला तर हे अवयव भराभर पडतील. तेव्हापासून या कुलपांना साडेसाती चालू आहे, फक्त तिला साडेसात वर्षांची मुदत नाही. तोडग्यांचीही शोधाशोध झाली, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मानक-संस्थेने नव्या पद्धतीच्या कुलपांचे पहिले नमुने अधिकृत केले. त्यातली बरीचशी मदार आहे मॅट्रिक्स आणि व्हेक्टर यांच्यावर. पहिल्या वर्षाला पोरं ज्याची गाइडं रातोरात वाचतात, तेच ते.

"पण आमच्याकडं चोर आला तो दारातून कुठं आला?" आण्णा परत येऊन म्हणाले. रोख 2025 च्या प्रकरणाकडे होता. देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याची तक्रार पोलिसांत गेली आणि विधानसभेतही गाजली. त्यात कुणी कुलूप तोडलं नव्हतं. भक्तांनी आपणहून, हात जोडून पैसे पाठवले होते. यावर अभ्यासक्रमात पेपर आहे का, असं मी पोरीला विचारलं. "त्याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात," ती म्हणाली, "आणि त्याची प्रॅक्टिकल्स आमच्या घरीच होतात."

झालं होतं असं, की आण्णा यूपीआयचा पिन भर दुकानात मोठ्याने सांगायचे. बर्फवाला आला आणि हात उसाने चिकट असले, की फोन त्याच्या हातात देऊन, "टाक रे, चार आकडे सांगतो." देवाच्या गावात काय झाकायचं! पोरीने बजावलं, रागावली, आईकडे तक्रार केली. शेवटी तिने गुपचूप पिन बदलला.

"मग आता पैसे कसे येतात?" मी विचारलं.

"यायला पिन लागतच नाही," ती म्हणाली. "द्यायला लागतो. आण्णा, मघाचा आकडा दिलाय ना? त्याचे दोन अवयव पाडा, शेजारी-शेजारी लिहा, लहान आधी. तोच पिन."

आण्णांनी बिलबुकाचं ते पान खिशात घातलं. बाहेर बर्फवाल्याची गाडी येऊन थांबली होती आणि तो हॉर्न देत होता. आण्णा एकोणतीसपर्यंत पोचले होते. पिन नंतर पुन्हा बदलला आहे हे पोरीकडून पक्कं करूनच मी तो आकडा इथे छापला आहे. वाचकांनी उगाच कष्ट घेऊ नयेत.